हॅमच्या पाकिटात मांस किती, मीठ किती, पाणी किती

पणजी असो, मडगाव असो, वांद्रे, वसई किंवा पुण्याचा कॅम्प असो. डुकराचं मांस विकणाऱ्या कोल्ड स्टोरेजमध्ये एकाच जनावराला चार-पाच भाव लावलेले दिसतात. ट्रेमध्ये ताजं मांस, शेजारी गुलाबी हॅमचं पाकीट, बेकनच्या पट्ट्या, खिळ्याला टांगलेली चोरिसची माळ आणि दुकान मोठं असलं तर इटली नाहीतर स्पेनहून आलेलं, कागदाइतकं पातळ कापलेलं सुकं हॅम. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग यांच्या किलोच्या भावात वीसपटीचं अंतर सहज पडतं. गिऱ्हाईक हे अंतर चवीचं समजून पैसे मोजतं. चवीचं ते आहेच. पण त्यात पाणी आहे, मीठ आहे, वाळवणीत गेलेले महिने आहेत, आयातीचा खर्च आहे आणि बऱ्याचदा नुसतं पाकीटही आहे. पोषणाचा वाटा त्यात कितीसा, ते पाकिटाच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तिथवर कुणी जात नाही.

हिशेब करायला दोनच आकडे पुरतात. एक ग्रॅम प्रथिन किती रुपयांना पडलं हा पहिला, आणि त्या प्रथिनाबरोबर पोटात मीठ किती गेलं हा दुसरा. खाली धरलेले भाव निव्वळ हिशेब दाखवण्यासाठी आहेत. गाव, दुकान आणि हंगाम बदलला की तेही बदलतात. आपल्या दुकानातला आकडा घालून हाच हिशेब फोनवर अर्ध्या मिनिटात होतो.

आधी ताजं मांस

मोजमाप ताज्या मांसावरून सुरू करायचं, कारण बाकी सगळं त्याच्यापासूनच होतं. पाठीच्या भागातलं चरबी काढलेलं शंभर ग्रॅम कच्चं मांस घेतलं तर त्यात साधारण १४० ते १५० कॅलरी, २० ते २१ ग्रॅम प्रथिनं आणि पाच-सहा ग्रॅम चरबी असते. सोडियम ५०–६० मिलिग्रॅम, म्हणजे मिठाच्या भाषेत चिमूटभरही नाही. त्याच जनावराच्या पोटाचा थर घ्या: शंभर ग्रॅमला पाचशेच्या वर कॅलरी, पन्नासेक ग्रॅम चरबी आणि प्रथिनं जेमतेम नऊ ग्रॅम. ‘पोर्कमध्ये किती फॅट असतं?’ या प्रश्नाला म्हणून एक उत्तर नाही. कुठला तुकडा, हे आधी सांगावं लागतं.

चरबीबद्दल आपल्याकडे दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणतो विष, दुसरा म्हणतो जुन्या लोकांनी हेच खाल्लं आणि ते नव्वदीपर्यंत जगले. डुकराच्या वितळवलेल्या चरबीत साधारण चाळीस टक्के संपृक्त मेद असतो आणि पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास एकअसंपृक्त. हा दुसरा प्रकार ऑलिव्ह तेलात मुख्यत्वे असतो तोच. म्हणजे संपृक्ताच्या बाबतीत ती तुपापेक्षा बरी आणि शेंगदाणा तेलापेक्षा वाईट. खाल्ली तर किती खाल्ली, एवढंच विचारायचं उरतं.

या मांसाची खरी जमेची बाजू कुणी सांगत नाही, ती म्हणजे थायमिन, ब-१ जीवनसत्त्व. पाठीच्या शंभर ग्रॅम कच्च्या मांसातून ०.८ ते १ मिलिग्रॅमपर्यंत थायमिन मिळतं, प्रौढ माणसाच्या दिवसाच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त. कोंबडीच्या छातीच्या मांसात त्याचा जेमतेम दहावा भाग असतो. जस्त, सेलेनियम आणि ब-१२ हेही आहेत. लोह मात्र शंभर ग्रॅमला एक मिलिग्रॅमच्या आसपास, त्यामुळे रक्त वाढावं म्हणून कुणी पोर्क सुचवलं तर मान डोलावू नका. थायमिन पाण्यात उतरतं. शिजवलेल्या मांसाचा रस्सा फेकून दिला तर अर्धी जमा त्याच्याबरोबर गेली असं समजा.

आता पैसे. मांडीचं बिनहाडाचं, चरबी कमी असलेलं मांस किलोला ४५० रुपये धरू. किलोत दोनशे ग्रॅम प्रथिनं, म्हणजे ग्रॅमला सव्वादोन रुपये. शेजारी हाडा-चरबीसकट मांस ३५० रुपयांना आहे. त्यातून दोनशे ग्रॅम हाड-कातडं निघालं आणि उरलेल्या आठशे ग्रॅममध्ये सतरा टक्के प्रथिनं धरली, तर १३६ ग्रॅम हाती आली. ग्रॅमला अडीच रुपयांहून किंचित जास्त पडले. शंभर रुपये वाचल्यासारखे वाटले, पण वाचले नाहीत. सोरपोतेल किंवा विंदालू करायचं असेल तर चरबी हवीच, तिथे हा हिशेब लावू नये. भाजून काप खायचे असतील तर लावावा. तुलनेसाठी: सात रुपयांच्या अंड्यातून सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात, ग्रॅमला सव्वा रुपयाच्या आत. तूरडाळ दीडशे रुपये किलो असेल तर ग्रॅमला सत्तर पैसे. स्वस्त प्रथिन म्हणून पोर्क कुणी विकत घेत नाही, घेऊही नये.

शिजवण्याबद्दल एकच, पण ठाम. ताजं पोर्क आत गुलाबी ठेवायची परदेशी फॅशन इथल्या बाजारातल्या मांसाला लावू नका. अर्धकच्च्या मांसातून फीतकृमी पोटात जाऊ शकतो. मधोमध ७१ अंश सेल्सिअस तापमान गाठलं की काळजी मिटते, आणि कुकरमध्ये शिजवणाऱ्याला थर्मामीटरचीही गरज नाही. मेंदूत गाठी होण्याची जी भीती लोक पोर्कला चिकटवतात, तिचं मूळ मात्र त्या कृमीच्या अंड्यांत असतं. ती अंडी येतात विष्ठेने दूषित झालेलं पाणी, न धुतलेली भाजी आणि न धुतलेले हात यांतून. आयुष्यात पोर्क न खाल्लेल्या माणसालाही हा आजार होतो तो असा.

गुलाबी पाकिटातलं हॅम

आपल्याकडे सँडविचमध्ये जे हॅम मिळतं ते शिजवलेलं हॅम. मांडीच्या मांसात सुयांनी खारं पाणी टोचतात. त्या पाण्यात मीठ, साखर, नायट्राइट आणि बहुतेक वेळा फॉस्फेट असतं. मग मांस फिरत्या पिंपात घुसळतात, साच्यात दाबतात, शिजवतात, गार करतात आणि कापतात. फॉस्फेटचं काम मांसात पाणी धरून ठेवणं. काप ओलसर, मऊ लागतो तो त्यामुळे, आणि दुकानदाराच्या काट्यावर ते पाणी मांसाच्या भावाने विकलं जातं तेही त्यामुळेच.

चांगल्या शिजवलेल्या हॅममध्ये शंभर ग्रॅमला सोळा-सतरा ग्रॅम प्रथिनं, आठ-नऊ ग्रॅम चरबी आणि १,१०० ते १,३०० मिलिग्रॅम सोडियम असतं. भारतातल्या पाकिटावर मीठ लिहीत नाहीत, सोडियम लिहितात. त्याला अडीचने गुणलं की मीठ येतं. म्हणजे शंभर ग्रॅममागे पावणेतीन ते सव्वातीन ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला दिवसाला सांगितलेली मर्यादा पाच ग्रॅमच्या आत आहे, आणि ती लोणचं, पापड, फरसाण सगळं धरून.

दोनशे ग्रॅमचं पाकीट ३०० रुपयांना घेतलं असं धरू. बत्तीस ग्रॅम प्रथिनं मिळाली, ग्रॅमला नऊ रुपयांहून जास्त पडले. ताज्या मांसाच्या चौपट. वर मीठ फुकट.

पाकीट उलटं करून पाहायच्या गोष्टी फार नाहीत. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पोर्कनंतर लगेच पाणी आलं तर पाणी बरंच आहे. स्टार्च किंवा सोया प्रथिन दिसलं तर ते हॅम नसून हॅमचा पाव आहे असं समजून भाव करा. मिसळलेल्या पदार्थांचे आयएनएस क्रमांकही पाहा. आयएनएस ४५० ते ४५२ हे फॉस्फेट. आयएनएस २४९ आणि २५० हे नायट्राइट, २५१ आणि २५२ नायट्रेट. ३०० किंवा ३१६ हे आकडे दिसले तर घाबरू नका. ते क जीवनसत्त्व किंवा त्याचं भावंड आहे, आणि नायट्राइटपासून होणारी घातक संयुगं कमी व्हावीत म्हणूनच ते घालतात. शंभर ग्रॅममागची प्रथिनं सोळाच्या खाली असली की पाकीट परत ठेवायचं, हा माझा नियम आहे. ‘स्मोक्ड’ आणि ‘स्मोक फ्लेवर’ यांतला फरकही पाहा. पहिल्यात निदान धूर आहे, दुसऱ्यात बाटली. आणि आपल्याकडे कोंबडीचं मांसही हॅम म्हणून विकतात. ‘चिकन हॅम’मध्ये चरबी कमी असते हे खरं, मीठ कमी असतं असं मुळीच नाही.

परदेशी राहणाऱ्यांना एक सोय आहे. युरोपात लेबलवर थेट मिठाचे ग्रॅम लिहितात, अडीचने गुणायची भानगड नाही. ब्रिटनमध्ये पाकिटाच्या पुढच्या बाजूला रंग असतात. शंभर ग्रॅममागे दीड ग्रॅमहून जास्त मीठ असलं की लाल. अखंड मांसासारख्या दिसणाऱ्या हॅममध्ये पाच टक्क्यांहून जास्त पाणी मिसळलं असेल तर तिथे ते नावातच सांगावं लागतं. जर्मनीत ‘फॉर्मफ्लाइश’ असा शब्द दिसला तर तुकडे दाबून चिकटवलेलं मांस, ते अखंड मांडीच्या भावाने घेऊ नका. अमेरिकेत ‘अनक्युअर्ड’ लिहिलेल्या पाकिटाचे जास्त पैसे मागतात. त्यात बऱ्याचदा सेलरीची पूड असते, आणि त्या पुडीतलं नायट्राइट रसायनशास्त्राच्या दृष्टीने तेच. नाव भाजीचं, काम तेच, भाव वाढीव.

बेकनचं आटणं

बेकन ही पोटाच्या थराची खारवलेली, बहुधा धुरावलेली पट्टी. कच्च्या बेकनमध्ये शंभर ग्रॅमला चारशेहून जास्त कॅलरी, चाळीसेक ग्रॅम चरबी आणि बारा-तेरा ग्रॅम प्रथिनं. २०० ग्रॅमचं पाकीट ३०० रुपयांना धरलं तर प्रथिनाच्या ग्रॅमला बारा रुपये. पण खरी गंमत तव्यावर होते. कुरकुरीत होईपर्यंत परतलं की वजनाचा जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. २०० ग्रॅमचे पासष्ट-सत्तर ग्रॅम झाले. खाल्लेल्या बेकनचा भाव किलोला साडेचार हजारांच्या आसपास गेला. बाकीचं पाणी वाफ होऊन उडालं आणि चरबी तव्यात राहिली.

म्हणून लेबल वाचताना पाहायचं की आकडे कच्च्याचे आहेत की शिजवलेल्याचे. शिजवलेल्या शंभर ग्रॅममध्ये पस्तीसेक ग्रॅम प्रथिनं दिसतात आणि माणूस खूश होतो. शंभर ग्रॅम शिजवलेलं बेकन म्हणजे दीड पाकीट. दोन मध्यम पट्ट्यांतून प्रत्यक्षात सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात, एका अंड्याएवढी, आणि सोबत पाऊण ग्रॅम मीठ. ‘बॅक बेकन’ मिळालं तर त्यात पाठीचं मांस असल्याने चरबी बरीच कमी असते. पैशाच्या मानाने ते बरं.

परतताना आच मंद ठेवा, पट्टी काळी होऊ देऊ नका. नायट्राइट आणि मांसातली प्रथिनं यांच्यापासून जोराच्या आचेवर नायट्रोसामाइन नावाची संयुगं होतात, आणि ती तव्यातल्या चरबीतही उतरतात. त्या चरबीत दुसऱ्या दिवशी अंडी तळायची काटकसर करू नये.

मांडी आणि मीठ, बाकी वेळ

सुक्या हॅमची गोष्ट वेगळी. इटलीतल्या पार्मा हॅमच्या घटकांच्या यादीत दोनच शब्द असतात, डुकराची मांडी आणि समुद्री मीठ. नायट्राइट नाही. त्याला युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण १९९६ पासून आहे. किमान वाळवण आता चौदा महिन्यांची, आणि मांडीवर पाच टोकांच्या मुकुटाचा डाग दिलेला असतो. वाळताना मांडीचं चौथ्या हिश्श्याहून जास्त वजन जातं. शिजवलेल्या हॅममध्ये वरून घातलेलं पाणी तुम्ही विकत घेता, इथे उडून गेलेल्या पाण्याचे पैसे देता. दुसरा व्यवहार मला जास्त सरळ वाटतो.

वजन गेल्यामुळे पोषण दाटतं. शंभर ग्रॅमला पंचवीस ग्रॅमहून जास्त प्रथिनं, स्पेनच्या हॅममध्ये तीसपर्यंतही. पण मीठही दाटतं: शंभर ग्रॅमला चार ते सहा ग्रॅम. शंभर ग्रॅम एकट्याने संपवलं तर दिवसाचं मीठ तिथेच भरलं. हे हॅम पोटभर खायचं नसतंच. तीस ग्रॅम, म्हणजे दोन-तीन पातळ काप, खरबुजाबरोबर किंवा पावाबरोबर. मीठ दीड ग्रॅमच्या आसपास. आयात केलेलं शंभर ग्रॅम ९०० रुपयांना धरलं तर तीस ग्रॅमची ताटली २७० रुपयांची झाली आणि प्रथिनाचा ग्रॅम तेहतीस-चौतीस रुपयांचा. प्रथिनासाठी हे घेणं म्हणजे ऊब मिळावी म्हणून पैठणी पांघरण्यासारखं. चवीसाठी जरूर घ्या.

स्पेनला जाणाऱ्यांनी पट्टीचा रंग लक्षात ठेवावा. इबेरिको हॅमच्या मांडीला २०१४ च्या नियमानुसार चार रंगांपैकी एक पट्टी बांधलेली असते. काळी म्हणजे शंभर टक्के इबेरिको वंशाचं आणि ओकची फळं खाऊन वाढलेलं जनावर. लाल म्हणजे खाणं तेच, पण वंश मिश्र. हिरवी म्हणजे बाहेर चरणारं आणि धान्यही खाणारं. पांढरी म्हणजे गोठ्यात धान्यावर वाढवलेलं. ओकची फळं खाल्लेल्या जनावराच्या चरबीत ओलेइक आम्ल जास्त असतं, म्हणून ती खोलीच्या उबेतही मऊ पडते. दुकानदार ‘बेयोता’ (ओकची फळं खाल्लेलं) म्हणाला आणि पट्टी पांढरी असली तर काळ्या पट्टीचे पैसे देऊ नका. आणि या चरबीला ‘हृदयाला चांगली’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला मिठाचा आकडा विचारा.

चोरिसची माळ

आपल्या मुलखातलं खारवलेलं पोर्क म्हणजे गोव्याची चोरिस. मांसाचे आणि चरबीचे बारीक तुकडे. मीठ, माडाच्या ताडीचं व्हिनेगर, काश्मिरी मिरची, लसूण, आलं, हळद, मिरी, दालचिनी, लवंग. कुणी वर थोडी फेणीही घालतं. मुरवून आतड्यात भरायचं, दोऱ्याने गाठी मारून मणी पाडायचे, उन्हात नि धुरात सुकवायचं. पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हासाठी ही उन्हाळ्यातली तजवीज. मीठ, आंबटपणा, कोरडेपणा आणि धूर अशा चार पहारेकऱ्यांवर ती टिकते.

चोरिसला पोषणाचा एक आकडा देणं शक्य नाही. प्रत्येक घराचं मांस-चरबीचं प्रमाण वेगळं, सुकवण वेगळी, आणि बाजारात बसलेल्या बाईच्या माळेला लेबलही नसतं. त्यामुळे डोळे आणि काटा वापरायचा. आतड्याआडून पांढरे तुकडे निम्म्याहून जास्त दिसत असतील तर तुम्ही चरबी विकत घेताय. मणी दाबून पाहा: घट्ट, कोरडा मणी म्हणजे पाणी गेलेलं, ओलसर, लिबलिबीत मणी म्हणजे पाण्याचे पैसे, शिवाय टिकणार नाही. माळ मण्यांच्या मोजणीवर विकतात, आणि मणी सगळ्यांचे सारखे नसतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात असा, वा मडगावात, दोन विक्रेत्यांच्या माळा काट्यावर ठेवायला सांगा. नाराज झाली तरी विक्रेती ठेवते. सोरा, म्हणजे नायट्रेट, घातलाय का, हेही विचारा. काही जण घालतात, काही घालत नाहीत. पाकीटबंद चोरिस असेल तर लाल रंग मिरचीचा की डबीतला, ते यादीत कळतं.

आणि ही कच्ची असते. स्पेनच्या सुक्या चोरिसोसारखी कापून तोंडात टाकायची नाही. मणी सोलून, थोड्या पाण्यात शिजवून, वर आलेली लाल चरबी हवी तेवढी काढून टाकायची. पाव किलो चोरिस, अर्धा किलो बटाटे, तीन-चार कांदे आणि वरून मीठ अजिबात नाही. पाच माणसांना पोईबरोबर पुरते. माणशी पन्नास ग्रॅम चोरिस झाली. गोव्यातल्या बायका हे कुठल्याही आहारतज्ज्ञाला न विचारता करत आल्या आहेत, आणि खारवलेलं मांस वापरण्याची याहून शहाणी रीत मला माहीत नाही. बटाट्यात मीठ घालणाऱ्या हॉटेलवाल्याला मात्र ती रीत कळलेली नसते.

मिठाची आणि नायट्राइटची किंमत

एका हॅम-चीज सँडविचचा हिशेब मांडू. पावाच्या दोन कापांत पाऊण ग्रॅमच्या जवळ मीठ, चीजच्या एका चौकोनात तेवढंच, पन्नास ग्रॅम हॅममध्ये दीड ग्रॅमच्या आसपास. जवळपास तीन ग्रॅम झाले. लोणी आणि सॉस अजून धरलेलं नाही. सकाळचे नऊ वाजलेत आणि दिवसाचं निम्म्याहून जास्त मीठ संपलं. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असलेल्याच्या घरात हे पाकीट रोज येत असेल तर त्याची किंमत बिलावर दिसणार नाही, औषधाच्या दुकानात दिसेल.

कर्करोगाचा मुद्दा टाळता येणार नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेल्या मांसाला पहिल्या गटात घातलं. त्याच गटात तंबाखू आहे, म्हणून ‘हॅम म्हणजे सिगारेट’ अशा बातम्या झाल्या. तो गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते सांगत नाही. धोक्याचा आकडा असा: रोज पन्नास ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे अठरा टक्क्यांनी वाढतो. शंभरांत अठरा जणांना होतो असा याचा अर्थ नाही; मुळात जो काही धोका होता त्यात अठरा टक्क्यांची भर. रोज खाणाऱ्याने विचार करावा. नाताळला आणि लग्नात खाणाऱ्याने झोप उडवून घेऊ नये.

मग नायट्राइट घालतात कशाला? गुलाबी रंग, ती विशिष्ट चव, आणि बॉट्युलिझमचा जंतू रोखण्यासाठी. शेवटचं कारण खरं आणि गंभीर आहे. म्हणूनच घरी सोरा किंवा नायट्राइट घेऊन प्रयोग करणं जितकं धोक्याचं, तितकंच ते न घालता चित्रफीत पाहून गॅलरीत मांस टांगणंही. इथे एक सापळा सांगून ठेवतो. अमेरिकी पाककृतींत ‘पिंक सॉल्ट’ लिहिलेलं असतं, ते आपलं सैंधव नव्हे. ते सव्वासहा टक्के सोडियम नायट्राइट मिसळून मुद्दाम गुलाबी रंगवलेलं मीठ असतं. त्याच्या जागी सैंधव घातलं तर जंतूला अडवणारं काही उरत नाही, आणि ते मीठ सैंधव समजून भाजीत पडलं तर माणूस दवाखान्यात जातो.

गरोदर बायकांनी थंड हॅम, सलामी आणि सुकं हॅम तसंच खाऊ नये. वाफा येईपर्यंत गरम करून खावं. उघडलेलं हॅमचं पाकीट फ्रिजमध्ये तीन ते पाच दिवस, बेकनचं आठवडाभर. मोठं पाकीट स्वस्त पडतं म्हणून आणून अर्धं टाकून दिलं तर ते स्वस्त नव्हतं.

मग सँडविचला काय?

मांडीचं बिनहाडाचं एक किलो मांस घ्या. दहा ग्रॅम मीठ, मिरी, ठेचलेला लसूण आणि दोन चमचे व्हिनेगर चोळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. ज्यांच्याकडे ईस्ट इंडियन बॉटल मसाला असेल त्यांनी मिरीऐवजी तो वापरावा, सँडविचचं भाग्य उजळतं. दुसऱ्या दिवशी दोऱ्याने बांधून कुकरमध्ये किंवा ओव्हनमध्ये पूर्ण शिजवा, गार करा, आणि फ्रिजमध्ये घट्ट झाल्यावरच धारदार सुरीने पातळ काप काढा. सातशे ग्रॅमच्या आसपास हाती येतं. मांस ४५० रुपये आणि मसाला-गॅसचे पन्नास धरले तर शंभर ग्रॅमला साधारण एकाहत्तर रुपये. पाकीटबंद हॅम त्याच मापाने दीडशेला पडलं होतं. प्रथिनं शंभर ग्रॅमला सत्तावीस-अठ्ठावीस ग्रॅम, ग्रॅमला अडीच रुपये. पन्नास ग्रॅमच्या कापात मीठ फार तर पाऊण ग्रॅम, म्हणजे हॅमच्या निम्मं. नायट्राइट शून्य. रंग गुलाबी येणार नाही, करडा-तपकिरी येईल. मुलं नाक मुरडतील ती पहिल्याच दिवशी. चार दिवसांत संपेल एवढं फ्रिजमध्ये ठेवा, बाकीचं पुडकी करून फ्रीझरमध्ये. खाली उतरलेला रस्सा भातावर घ्या, थायमिन तिथे आहे.

सुकं हॅम आणि चोरिस मी या पर्यायाने हटवायला सांगणार नाही. त्यांची चव दुसऱ्या कशाने येत नाही, आणि दोन्ही थोडीशीच लागतात. बेकनही अधूनमधून ठीक. घरातून जायला हवं ते फॉस्फेटच्या पाण्याने फुगवलेलं, रोजच्या डब्यातलं स्वस्त हॅम. पैशाच्या, मिठाच्या आणि मांसाच्या, तिन्ही हिशेबांत ते नापास होतं.

पाकीटबंद मालावर घटकांची यादी, प्रथिनं, सोडियम, मुदत आणि एफएसएसएआयचा परवाना क्रमांक असायलाच हवा. यांतलं काही नसेल किंवा त्यावर दुसरं लेबल चिकटवलेलं असेल तर घेऊ नका, घेतलेलं असेल तर बिल जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.